सप्ताहाला निघालेल्या नव्या कीर्तनकारासाठी: गावात वागायची रीत

वारकरी संप्रदाय गावोगाव पोहोचवला तो फिरत्या कीर्तनकारांनी. प्रचारक म्हणावा असा आपल्याकडचा माणूस हाच: पिशवीत टाळ आणि गाथा, आज या गावी, उद्या त्या. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून या कामाचं रीतसर शिक्षण मिळू लागलं. गाथा, ज्ञानेश्वरी, चाली, मृदंग सगळं शिकवलं जातं. गावात गेल्यावर वागायचं कसं, हे मात्र बहुतेक जण मोठ्या महाराजांच्या मागे टाळकरी म्हणून उभं राहून, बघून बघून शिकतात. मागे उभं राहिलं की चांगलं दिसतं तसं वाईटही दिसतं, आणि नवखा पोरगा दोन्ही उचलतो. म्हणून हे लिहून ठेवतो आहोत.

कसोटी तुकोबांनीच घालून दिली आहे. 'जेथें कीर्तन करावें, तेथें अन्न न सेवावें' असा तो अभंग सुरू होतो. पुढे म्हणतात, कपाळी बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, तट्टाला-बैलाला दाणा-वैरणसुद्धा मागू नये. शेवटी तर पैसे घेणारा आणि देणारा दोघेही नरकात. हा अभंग शब्दशः पाळणारा कीर्तनकार आज शोधून सापडायचा नाही, आणि घरदार असलेल्या माणसाला तो पूर्ण झेपणारही नाही. पण कुठेही अडलात की त्याच दिशेला झुका. गावावर आपला भार कमीत कमी पडला पाहिजे. पुढचं सगळं त्यातूनच येतं.

फोनवरच काय ठरवायचं

सप्ताह (सात दिवस अखंड चालणारा हरिनामाचा उत्सव) भरवणाऱ्या समितीचा फोन येतो तेव्हा पत्रिका छापायला द्यायची घाई असते. 'महाराज, तारीख आहे का?' एवढंच विचारतात. लगेच हो म्हणू नका, आधी एवढं विचारून घ्या.

तिथी आणि तारीख दोन्ही विचारा आणि वहीत दोन्ही लिहा. तिथीचा क्षय किंवा वृद्धी असली (तिथी गळाली किंवा दोन दिवस आली) की गाव एक दिवस धरतं आणि तुम्ही दुसरा. एकाच रात्री दोन गावांत नाव छापलेलं निघतं ते बहुधा यामुळेच.

सेवा, म्हणजे तुमचं कीर्तन, कितव्या दिवसाची आणि किती वाजता? नेहमीचा क्रम असा असतो: पहाटे ४ ते ६ काकडा, मग सकाळभर ज्ञानेश्वरी पारायण, दुपारी गाथा भजन, ४ ते ५ प्रवचन, ५ ते ६ हरिपाठ, रात्री दोन तास कीर्तन, त्यानंतर जागर. वेळा गावागणिक मागेपुढे होतात. काल्याचं कीर्तन शेवटच्या दिवशी, बहुतेक ठिकाणी सकाळी १० ते १२. ते तुमच्याकडे असेल तर अभंग काल्याच्याच (कृष्णाच्या गोपाळकाल्याच्या) प्रकरणातला लागतो. तिथे वैराग्याचा अभंग लावून बसलात तर म्हातारी मंडळी तोंडावर काही बोलत नाहीत, पण पुन्हा बोलवतही नाहीत.

साथ गावची की तुमची? गावचं भजनी मंडळ असेल तर गायक कुठल्या स्वरात गातात ते विचारा. ते (पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर) काळी चारला चढवणारे आणि तुमचा गळा काळी दोनचा, असं झालं की दोन तास ओढाताण होते, आणि मृदंग एका स्वराला लावलेला असल्यामुळे ऐनवेळी उतरवणं सोपं नसतं. महिला कीर्तनकारांना ही अडचण जास्त येते. त्यांनी आपला स्वर फोनवरच ठामपणे सांगावा आणि मृदंगवाल्याशी आदल्या दिवशी बोलून घ्यावं.

सोबत किती माणसं, ती जेवणार का, राहणार का, हेही तेव्हाच सांगा. दोन गायक, एक मृदंग, एक चालक म्हटलं की चार. ऐनवेळी गाडीतून नऊ जण उतरले की आचाऱ्याचा अंदाज कोलमडतो आणि शेवटच्या पंगतीला भात कमी पडतो. त्या पंगतीत बहुतेक वेळा वाढणारी पोरं आणि भांडी घासणाऱ्या बायका असतात.

पैशाचं पुढे सांगतो. पण आकडा सांगायची जागा हीच, कीर्तन झाल्यानंतरची नव्हे.

निघण्याआधीची चौकशी

समितीचा अध्यक्ष गावाची चांगली बाजू सांगेल. दुसरी बाजू कळायला शाळेतले गुरुजी, अंगणवाडीच्या ताई किंवा शेजारच्या गावचा एखादा जुना माळकरी बरा. चार गोष्टी काढून घ्या. ग्रामदैवत कोणतं आणि त्याची जत्रा कशी होते. गेल्या सहा महिन्यांत गावात कोणाच्या घरी अवघड प्रसंग घडला आहे का: अपघात, आत्महत्या, तरुण मृत्यू, मोडलेलं लग्न. गावात दोन गट आहेत का आणि सप्ताह कोणत्या गटाचा समजला जातो. आणि कोणत्या वस्तीची माणसं कीर्तनाला येत नाहीत.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याचं घर मंडपापासून दोन गल्ल्यांवर असताना 'आत्महत्या करणारा भेकड' हे ठरलेलं वाक्य तुमच्या तोंडून गेलं, तर पुढची दोन तासांची ज्ञानेश्वरी वाया गेली.

शेवटच्या गोष्टीचा उपयोग पंगतीच्या वेळी होतो, तिथे सांगतो.

शक्य असेल तर आधीच्या दिवसांच्या कीर्तनकारांनी कोणते अभंग घेतले ते विचारून ठेवा. तोच अभंग पुन्हा आला तर लोक तुलना करत बसतात. आणि आदल्या दिवशीच्या महाराजांवर गादीवरून (कीर्तनाला उभं राहायच्या जागेवरून) टोमणा मारायचा मोह आवरा. त्यांचे निम्मे टाळकरी तुमच्या मागे उभे असतात.

पोहोचल्यावर

कीर्तनाच्या दीड तास आधी पोहोचा. फार आधी गेलात तर कोणाच्या तरी घरची कामं खोळंबतात, उशिरा गेलात तर मंडपात सूत्रसंचालक माइकवर वेळ काढत बसतो. गाडी थेट मंडपाच्या दारात लावू नका. ती जागा म्हाताऱ्यांना रिक्षातून उतरवायला लागते.

आधी ग्रामदैवताचं दर्शन घ्या, मग सप्ताहाच्या ठिकाणी या. तिथे विणेकरी उभा असतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, दिवसरात्र पहारे लावून एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची, हा सप्ताहाचा कणा. पहारा बदलताना नवा माणूस आधी नमस्कार करतो, मग पट्टा आपल्या गळ्यात घेतो, आणि वीणा त्याच्या हातात पक्की बसल्याशिवाय पहिला माणूस हात सोडत नाही. हे चाललेलं असताना मध्ये बोलू नका. विणेकऱ्याच्या पाया पडा, मग तो शेतमजूर असो नाहीतर दहावीतला मुलगा. फोटोपुरती वीणा गळ्यात अडकवून घेणं तर अजिबात नको.

पाया पडण्याचंही एक आहे. संप्रदायात नमस्कार दोन्हीकडून होतो. सत्तर वर्षांची माउली वाकली तर तुम्हीही वाका, आणि तिच्या आधी वाका. पाय पुढे करून, मोबाइल बघत उभे राहणारे महाराज गावाला लगेच कळतात. पाय धुणं, औक्षण, फुलांच्या पायघड्या यांना फोनवरच नम्रपणे नको म्हणा. मंडपात आल्यावर नको म्हटलं तर ज्या घरानं तयारी केली त्याचा हिरमोड होतो. बसायला पलंग आणि समोर वडीलधारे जमिनीवर, असं दिसलं तर सरळ सतरंजीवर बसा.

मग चहा. गावात पाऊल टाकल्यापासून पाच-सहा घरचं बोलावणं येतं: सरपंच, माजी सरपंच, दूधसंघाचे, अन्नदाते, समितीचे. यात कोणाचा अपमान करायचा हेतू नसताना अपमान होतो. पाटलांच्या वाड्यावर कपभर चहा पिऊन पुढच्या आळीत 'आता पोट भरलं' म्हटलं की त्याचा अर्थ गावात वेगळा लावला जातो. म्हणून एकतर सगळ्यांना सांगा की चहा मंडपातच घेईन, ज्यांना भेटायचं त्यांनी तिथे यावं. नाहीतर प्रत्येक घरी दोन घोट घ्या आणि कप खाली ठेवा. पहिला मार्ग बरा. त्यात कोणाचं घर आधी हा प्रश्न उरत नाही, आणि साखरेच्या सहा चहांनी घसाही बसत नाही.

पंगत

कीर्तनाआधी पोटभर जेवू नका, यात धर्मापेक्षा गळ्याचा प्रश्न आहे. नंतर जेवायचं असेल तर सगळ्यांच्या पंगतीत, पत्रावळीवर, जे शिजलं ते. महाराजांसाठी आतल्या खोलीत वेगळं ताट, त्यात सुका मेवा आणि तुपातला शिरा, हा प्रकार बंद पाडणं तुमच्याच हातात आहे. उपवास, पथ्य, मधुमेह असेल तर आधी सांगा. भगर आणि शेंगदाण्याची आमटी कुठेही होते, पण रात्री ११ वाजता मागितली तर कोणाच्या तरी घरची सून झोपेतून उठते.

आता ती वस्ती. अजूनही काही गावांत एखाद्या वस्तीची माणसं मंडपाच्या कडेला उभी राहून ऐकतात आणि पंगतीला थांबत नाहीत. कोणी त्यांना अडवलेलं नसतं, बोलावलेलंही नसतं. चोखोबांचे अभंग गाणाऱ्याला हे दिसलं नाही असं म्हणायची सोय नाही. पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं, ही काही फार जुनी गोष्ट नव्हे. गादीवरून गावाची खरडपट्टी काढून हे सुटत नाही. तुम्ही रात्री निघून जाता आणि राग त्या वस्तीवर निघतो. त्यापेक्षा समितीला आधीच म्हणा, 'त्या वस्तीतल्या भजनी मंडळाला हरिपाठाला बोलवा, मी त्यांच्यासोबत उभा राहतो.' संध्याकाळी चहा घ्यायचाच असेल तर त्या वस्तीत घ्या. जेवताना त्यांच्यातल्या कोणाला हाताला धरून शेजारी बसवा. गाव बघतं. पाहुण्याला कोणी काही बोलत नाही, आणि पाहुण्याच्या या सवलतीचा चांगला उपयोग कुठला असेल तर हाच.

गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. पाया पडू द्यायचे नाहीत. दिवसभर ज्याला गावानं झाडताना पाहिलंय तो रात्री स्वच्छतेवर बोलला की ते ऐकावंच लागतं. तुम्ही गाव झाडायला हवं असं नाही. पण पंगत उठल्यावर आपली पत्रावळ आपण उचलायला काय हरकत आहे?

गादीवर: काय बोलायचं, काय टाळायचं

क्रम तुम्हाला पाठ आहे, तो इथे नको. वेळेचं मात्र सांगतो. दोन तास म्हणजे दोन तास. नव्या कीर्तनकाराचा पहिला पाऊण तास भजनात आणि चालीत जातो, मग चिंतनाला गडबड होते आणि दहाच्या पुढे ताणलं जातं. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद. वर्षातल्या ठरावीक, जास्तीत जास्त १५ दिवसांसाठी राज्य सरकार ती वेळ १२ पर्यंत वाढवू शकतं. तुमचा सप्ताह त्या दिवसांत येतोच असं नाही. समितीकडे परवानगीचा कागद मागा आणि कीर्तन शक्यतो ७ ते ९ ठेवायला लावा. दहा वाजले आणि अभंगाचं शेवटचं चरण राहिलं, तर भोंगा बंद करून बसल्या जागी पसायदान घ्या. गुन्हा दाखल झाला तर तो गावच्या पोरांवर होतो. शेजारी मशीद असेल तर अजानच्या वेळेचा अंदाज घेऊन तेवढी चार मिनिटं नुसतं नामस्मरण संथ ठेवा. श्रीगोंद्याचे शेख महंमद आपल्याच संतमालिकेतले आहेत, हे त्या गावात आवर्जून सांगावं.

देणगीदारांची यादी तुम्ही वाचू नका. ते सूत्रसंचालकाचं काम, आणि कीर्तनाच्या आधीचं. एकदा तुम्ही एक नाव घेतलंत की चिठ्ठ्या सुरू होतात. वीस मिनिटं जातात आणि एका चिठ्ठीतलं नाव चुकलं की त्या घराची वर्षभराची नाराजी.

विनोद. यावर थोडं थांबायला हवं, कारण नव्या पिढीचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतंय. समोर चारशे बायका बसलेल्या असतात आणि सुनेवर, बायकांच्या कपड्यांवर, काळ्या रंगावर, मोबाइलवर बोलणाऱ्या मुलीवर विनोद झाले की मंडप हसतो. हसणाऱ्यांत बायकाही असतात. मग वाटतं जमलं. पण बघा, पुढच्या वर्षी त्यातल्या तरुण मुली येत नाहीत. समोर बसलेल्या एखाद्याकडे बोट दाखवून त्याला उभं करणं, दारू प्यालेल्याला माइकवरून झापणं, हेही त्यातलंच. दारू पिऊन कोणी पुढे आला तर थांबू नका, बघू नका, भजनाचा आवाज वाढवा. दोन स्वयंसेवक त्याला हळूच घेऊन जातात. तुम्ही थांबलात की तोच कार्यक्रम होतो.

गाडगेबाबा श्रोत्यांना प्रश्न विचारत विचारत पुढे न्यायचे. ते जमत असेल तर करा. त्यात माणूस हसतो स्वतःवर.

मांसाहार आणि जत्रा. माळकऱ्याचं व्रत हे ज्यानं माळ घातली त्याचं. ज्या गावची जत्राच बोकडाची आहे, किंवा कोकणातल्या ज्या वाडीत ग्रामदेवतेचा मान कोंबड्याचा आहे, तिथे पहिल्याच कीर्तनात 'तुम्ही राक्षस' म्हणून सुरुवात करणाऱ्याला लोक ऐकून घेतात आणि सोडून देतात. कोळीवाड्यात मासळीला नावं ठेवणं म्हणजे त्यांच्या चुलीला नावं ठेवणं. कोकणात गावरहाटी असते, मानकरी आणि गुरव यांचा क्रम ठरलेला असतो. तिथे आपला मान मागू नका आणि त्यांच्या देवाला दुय्यम म्हणू नका. नाम घ्यायला सांगा. माळ घालायची वेळ ज्याची त्याला कळते. कोणी भावनेच्या भरात मंडपातच 'आत्ताच माळ घाला' म्हणाला तर घाई करू नका. घरच्यांशी बोल, पंढरपूर-आळंदीला ये, तिथे घाल, असं सांगा. रात्री घातलेल्या माळा सकाळी खुंटीवर टांगलेल्या सापडतात, आणि मग त्या माणसाला तुमच्या समोर यायची लाज वाटते. तुमचा एक श्रोता गेला.

दुसऱ्या धर्माबद्दल, दुसऱ्या जातीबद्दल बोलताना गावात ते कोण आहेत हे डोळ्यांपुढे आणा. एकाच विहिरीवर पाणी भरणारी चार घरं असतात आणि उद्याही त्यांना तिथेच राहायचं असतं. भारतीय न्याय संहितेची १९६ आणि २९९ ही कलमं (समाजात तेढ आणि धार्मिक भावना दुखावणं) तर आहेतच.

औषधोपचार, मूल होण्याचे उपाय, बरं करण्याचे दावे, यातलं काहीही गादीवरून नको. मुलगाच व्हावा म्हणून तिथी, आहार किंवा उपाय सांगितले तर प्रकरण गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली जाऊ शकतं. १९९४ च्या त्या कायद्याच्या कलम २२ मध्ये अशा जाहिरातीला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. ग्रंथात तसं लिहिलंय हा बचाव कोर्टात टिकेल या भरवशावर राहू नका. चमत्कार आणि अघोरी प्रकारांसाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, साप चावल्यावर 'महाराजांनी सांगितलं होतं' म्हणून मंदिरात बसवलेला पोरगा दगावला तर ते कोणाच्या माथी? आजाऱ्याला घेऊन कोणी आलं तर त्याच्यासोबत नामस्मरण करा आणि सरकारी दवाखान्याची गाडी बोलवायला १०८ क्रमांक लावा. दोन्ही करा.

निवडणूक लागली असेल तर उमेदवाराला शेजारी बसवू नका, त्याच्या हातून सत्कार घेऊ नका. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तर गावच्या दोन्ही गटांची पोरं मोबाइलवर चित्रण करत असतात. तुमचं अर्ध वाक्य रात्रीतून तालुक्यात फिरतं. चित्रण करायचं की नाही, कोण करणार, कुठे टाकणार, हे आधी समितीला विचारून घ्या, आणि श्रोत्यांमधल्या रडणाऱ्या बायकांवर कॅमेरा फिरवू देऊ नका.

दहाव्याचं प्रवचन

सप्ताहापेक्षा हे बोलावणं नव्या माणसाला आधी येतं, आणि इथे चुका जास्त होतात. वेळ सकाळची, जागा नदीकाठचा घाट, समोर घरातली माणसं विधीला बसलेली. एक तासाच्या वर जाऊ नका, पाऊण तास उत्तम. पिंड ठेवल्यावर सगळ्यांचं लक्ष कावळ्याकडे असतं. तेव्हा बोलत राहिलात तर कोणीच ऐकत नाही. त्याच्या आत आटपा.

गेलेल्या माणसाचं नाव, वय, काम एका कागदावर लिहून घ्या. नाव चुकणं ही इथली अक्षम्य चूक. आजार काय होता, कसा गेला, हे घरच्यांनी सांगितलं तरी माइकवर घेऊ नका. पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं प्रवचनाच्या आधी उरका असं सांगा, नाहीतर तुमच्यानंतर ती तासभर चालतात आणि विधवा बाई उन्हात बसून राहते.

तिच्याबद्दल. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं हे प्रकार समोर होत असतील तर तुम्ही बोलू शकता, कारण त्या क्षणी तिथे तुमचं ऐकणारे लोक आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि पुढे राज्य सरकारनं इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. हे उदाहरण द्या, पण आदल्या दिवशी घरच्या कर्त्या माणसाशी आणि त्या बाईशी बोलून. ऐन घाटावर वाद झाला तर त्रास तिलाच होतो.

दहाव्याचं मानधन शक्यतो घेऊ नका. प्रवासखर्च पुरे.

पैसे

आकडा एकच सांगा, त्यात साथीदार, गाडी, इंधन सगळं धरून. 'तुमच्या मनाला येईल ते द्या' हे ऐकायला गोड, पण समितीला ते अवघड जातं. कमी दिलं तर अपमान आणि जास्त दिलं तर हिशेबात बसत नाही. नवीन असाल तर प्रवासखर्च आणि साथीदारांची बिदागी एवढंच मागा, तुमच्या वाट्याचं त्यांच्यावर सोडा.

पाकीट समितीच्या दोन माणसांसमोर घ्या, त्यांच्या वहीत सही करा. उघडून मोजू नका. कमी निघालं तर खजिनदाराला दुसऱ्या दिवशी फोन करा. गादीवरून 'काही गावं महाराजांची किंमत करत नाहीत' असं सूचक बोलणं हा हलकटपणा आहे, आणि तो सर्रास चालतो. आरतीच्या ताटात पडलेले पैसे मंदिराचे. बायका पाया पडताना दहा-वीस रुपये ठेवतात ते गोळा करून मृदंगवाल्या पोराला द्या किंवा दानपेटीत टाका. मानधन हे उत्पन्नच आहे, त्याची नोंद ठेवा आणि विवरणपत्रात दाखवा.

दुष्काळी गावात काही रक्कम परत करावीशी वाटली तर जरूर करा. मात्र माइकवरून जाहीर करू नका. त्या टाळ्यांची किंमत पुढच्या कीर्तनकाराला मोजावी लागते, कारण त्याच्याकडूनही मग तीच अपेक्षा होते.

मुलं सोबत असतील तर

शिकणारी दहा-बारा वर्षांची मुलं टाळकरी म्हणून नेण्याची पद्धत आहे. आई-वडिलांची लेखी संमती घ्या, कोणत्या गावी नेतो आणि कधी परत आणतो ते कळवा. शाळेच्या दिवसांत रात्री अकराला परतणारं कीर्तन मुलांना लावू नका. मुक्कामाला मुलं एकत्र झोपतील, त्यांच्या खोलीत एकटा मोठा माणूस झोपणार नाही, मग तो महाराज असला तरी. गावात किंवा संस्थेत एखाद्या मुलाशी गैरप्रकार झाल्याचं कानावर आलं तर संप्रदायाची बदनामी होईल म्हणून दाबू नका. पॉक्सो कायद्यात पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा ठरतो. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८.

महिला कीर्तनकारांनी मुक्कामाचं घर आणि परतीची गाडी आपल्या ओळखीची ठेवावी, आणि समितीनं याबद्दल विचारलंच नाही तर आपण होऊन सांगावं.

निघताना

शक्य असेल तर रात्रीच निघा. मुक्काम करावाच लागला तर पहाटेच्या काकड्याला हजर राहा, शेवटच्या ओळीत, टाळ घेऊन. रात्री गादीवर उभा असलेला माणूस पहाटे चार वाजता थंडीत मागे उभा दिसला की गावाला बरं वाटतं, आणि काकड्याला नेहमी सहा-सात म्हातारेच असतात, त्यांना तर फारच. अंथरूण घडी घालून ठेवा, पांघरूण देणाऱ्या घराला निरोप द्या. आचारी आणि मंडपवाल्याला नावानं हाक मारून भेटा.

तिथेच कोणी पुढच्या वर्षीची तारीख मागितली तर 'घरी जाऊन वही बघतो, तुम्ही समितीत ठरवून फोन करा' एवढंच म्हणा. भरल्या मंडपात 'पुढच्या वर्षी येतोच' असं जाहीर केलं की समितीचे हात बांधले जातात, आणि दुसऱ्या कोणाला बोलवायचं त्यांच्या मनात असलं तरी ते बोलू शकत नाहीत.